हमीभाव: भाव ठरला, पण माल घेणार कोण?

कानात इयरफोन आहेत ना? बसमध्ये असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर रात्री दिवा बंद करून पडल्या पडल्या ऐकत असाल. आज जरा सावकाश ऐका. आजच्या भागात राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत. आजचा भाग एका शब्दाचा इतिहास आहे. बातम्यांमध्ये तुम्ही तो शंभर वेळा ऐकलाय. हमीभाव.

हा विषय मला सुचला तो भावाच्या फोनमुळे. आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले. घरची साडेपाच एकर कोरडवाहू जमीन. अण्णांचे गुडघे दुखायला लागल्यापासून पेरणीचं सगळं धाकटा भाऊच बघतो. मृग लागायच्या आधी त्याचा फोन आला.

"ताई, यंदा तुरीचा हमीभाव आठ हजार झालाय. सोयाबीन कमी करून तूर वाढवू का?"

मी इतिहासात एम.ए. केलंय, दर पंधरा दिवसांनी तुमच्या कानाशी बडबड करते, पण त्याला पटकन उत्तर देता येईना. मी म्हटलं, "दोन दिवस दे." तो हसला. म्हणाला, "पाऊस देतोय का दोन दिवस, ते बघ आधी."

मी अडखळले, कारण हमीभाव म्हटलं की मला २०१७ चा एप्रिल आठवतो. तिथूनच सुरू करू.

तुरीचं वर्ष

२०१५ आठवतंय का? तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांच्या वर गेली होती. वरणभात खाणाऱ्या देशात ही केवढी मोठी बातमी! सरकारने दोन बाजूंनी हालचाल केली. एकीकडे व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घातली, बाहेरून डाळ आणायचे मार्ग शोधले. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळ आयातीचा करारही झाला. दुसरीकडे शेतकऱ्याला सांगितलं, कडधान्य लावा, आम्ही भाव देऊ. २०१६-१७ च्या तुरीला बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपये हमीभाव ठरला.

आमच्याकडे त्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. नंतर मात्र पाऊस चांगला झाला आणि लोकांनी तूर लावली. देशातलं तुरीचं उत्पादन आदल्या वर्षी सुमारे २५ लाख टन होतं, ते एका वर्षात ४८ लाख टनांच्या पुढे गेलं. जवळजवळ दुप्पट. म्हणजे सरकारने जे मागितलं, ते शेतकऱ्याने दिलं.

आमच्या घरी २२ क्विंटल तूर झाली. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन बसले होते. बाजारात व्यापारी ३,९०० सांगत होता. अण्णा म्हणाले, "सरकार पाच हजार पन्नास देतंय, मग याला कशाला द्यायची?" त्यांनी तलाठ्याकडून सातबारा काढला, त्यावर पीकपेऱ्याची नोंद आहे का ते दोनदा बघितलं, चुलत्याचा ट्रॅक्टर घेतला आणि खरेदी केंद्राबाहेर रांगेत नेऊन लावला.

पहिल्या दिवशी नंबर आला नाही. दुसऱ्या दिवशी काटा बंद. तिसऱ्या दिवशी कळलं, बारदाना संपलाय. बारदाना म्हणजे माल भरायची तागाची पोती. तूर आहे, भाव आहे, काटा आहे, पण पोतं नाही म्हणून खरेदी नाही! मी रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचे. अण्णा ट्रॉलीखाली चादर अंथरून बसलेले असायचे. रांगेतल्या लोकांची आपसात ओळख झाली होती, कुणीतरी पत्त्यांचा कॅट आणला होता. सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं. अवकाळीचे दिवस. ताडपत्री होती, पण ती फाटकी. भिजलेली तूर केंद्रावर कुणी घेत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या रात्री अण्णांनी ट्रॅक्टर वळवला. सकाळी सगळी तूर व्यापाऱ्याला ३,९०० नेच गेली. हिशेब सोपा आहे: क्विंटलमागे ११५० रुपये, २२ क्विंटलचे २५,३००. ट्रॅक्टरचं डिझेल वेगळं. पुण्यातल्या हॉस्टेलच्या डिपॉझिटसाठी आईने तेवढेच पैसे मनात धरून ठेवले होते. ते डिपॉझिट मग मामाने भरलं. अण्णा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे तूर फक्त घरच्या वरणापुरती, चार तासं.

आमचीच गोष्ट अशी होती असं नाही. राज्यभरात रांगा लागल्या होत्या. २२ एप्रिलला खरेदीची मुदत संपली, तेव्हा केंद्रांबाहेर इतकी तूर पडून होती की त्या तारखेपर्यंत आलेला माल तरी घेऊ, असं सरकारला जाहीर करावं लागलं. त्या वर्षी सरकारने तूर खूप खरेदी केली, हेही खरं. पण पिकलेल्या तुरीच्या मानाने ती कमीच पडली.

तेव्हा मला राग आला होता. इतिहास शिकताना मात्र एक वेगळाच प्रश्न पडायला लागला. ही पद्धत ज्यांनी बनवली, त्यांना हे दिसलं नव्हतं का? भाव जाहीर करायचा आणि घेणारा नसेल, अशी योजना कुणी कशाला आखेल?

शोधत गेले तर कळलं की त्यांनी ती तशी आखलीच नव्हती.

लाल मिलो आणि बोटींची वाट

चला १९५०-६० च्या दशकात. देश स्वतंत्र झालाय, पण पोटाची भ्रांत आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात जवळपास ३० लाख माणसं मेली, त्याची आठवण ताजी. शहरांत रेशनवर धान्य पुरवायचं, तर ते आणायचं कुठून?

उत्तर मिळालं अमेरिकेतून. तिथे गहू उदंड झाला होता. पीएल-४८० नावाच्या कायद्याखाली अमेरिका तो गहू आपल्याला रुपयांत विकायची, डॉलर लागत नव्हते. १९५६ मध्ये पहिला करार झाला. मे १९६० मध्ये तर चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य आणायचा करार झाला. त्यावर भारताच्या वतीने सही करणारे अन्नमंत्री म्हणजे आपले मुंबईचे स. का. पाटील.

गव्हाबरोबर मिलो यायचा. मिलो म्हणजे तांबडी अमेरिकन ज्वारी. तुमच्या आजीला विचारून बघा. माझी आजी सांगायची, त्याची भाकरी थापली की तव्यावर जाईपर्यंत तडकायची, आणि पोटात गेली की दगडासारखी बसायची. रेशनच्या रांगेत जे मिळेल ते घ्यायचं, एवढंच.

आता यात गंमत बघा. स्वस्त परदेशी गहू बाजारात येतोय म्हटल्यावर देशातल्या गव्हाला भाव कुठून मिळणार? आणि भाव नाही तर शेतकरी खतावर, विहिरीवर पैसे कशाला घालेल? शहराला स्वस्त पोळी मिळत होती, पण तिची किंमत शेतकरी मोजत होता. सरकारलाही ते सोयीचं होतं. तेव्हा पोलाद, धरणं, कारखाने यांना पहिला मान. धान्य स्वस्त राहिलं तर मजुरी कमी राहील आणि कारखाने चालतील, असं गणित होतं.

जानेवारी १९६५

मे १९६४ मध्ये नेहरू गेले. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. धान्याचे भाव भडकलेले, दुकानांसमोर रांगा. शास्त्रींनी शेती आणि अन्न खातं दिलं सी. सुब्रमण्यम यांना. हे तामिळनाडूतले, आधी पोलाद खात्याचे मंत्री होते. त्या काळात शेतीखातं म्हणजे कुणाला नको असलेलं खातं. एखाद्या मंत्र्याची कारकीर्द संपवायची असेल तर त्याला ते द्यावं, असं लोक गमतीने म्हणत.

सुब्रमण्यम यांचं म्हणणं साधं होतं. शेतकऱ्याला देशभक्तीची भाषणं देऊन उत्पादन वाढणार नाही. जास्त पिकवलं तर तोटा होणार नाही, एवढी खात्री त्याला द्या. बाकीचं तो बघेल.

अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना हे पटत नव्हतं. धान्याला जास्त भाव म्हणजे महागाई, असं त्यांचं मत. नियोजन आयोगातही नाराजी होती. पण शास्त्रींनी सुब्रमण्यम यांना साथ दिली. पंतप्रधानांचे सचिव एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये एक समिती नेमली गेली. धान्याला किमान भाव किती द्यावा आणि तो कसा ठरवावा, हे तिने सांगायचं होतं.

आता पुढच्या दोन गोष्टी नीट ऐका, कारण आजच्या भागाची किल्ली यातच आहे.

जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे प्रा. एम. एल. दांतवाला. काम काय, तर भाव किती असावा ते सरकारला सुचवायचं. हाच आयोग १९८५ पासून कृषी खर्च आणि मूल्य आयोग या नावाने ओळखला जातो.

आणि त्याच महिन्यात, १४ जानेवारी १९६५ ला, तंजावरमध्ये भारतीय अन्न महामंडळाचं काम सुरू झालं. हेच ते एफसीआय. याचं काम काय, तर त्या भावाने धान्य प्रत्यक्ष विकत घ्यायचं, गोदामात ठेवायचं आणि रेशन दुकानांपर्यंत पोचवायचं.

बघा, एकाच महिन्यात दोन संस्था. एक भाव सांगणारी, दुसरी माल घेणारी. आणि घेतलेला माल जायला तिसरी जागा आधीच तयार, रेशनचं दुकान. भाव, गिऱ्हाईक आणि ताट. तीन पायांचं स्टूल. ज्यांनी हमीभाव बनवला, त्यांना घेणाऱ्याशिवाय भावाला अर्थ नाही हे पक्कं माहीत होतं.

गव्हाची बाजी

पुढची दोन वर्षं वाईट गेली. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं, आणि पाऊसही रुसला. धान्याचं उत्पादन आदल्या वर्षीच्या ८.९ कोटी टनांवरून ७.२ कोटी टनांवर आलं. शास्त्रींनी लोकांना सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा त्याच काळातली. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्री गेले. त्या वर्षी देशाने तब्बल एक कोटी टनांहून जास्त धान्य आयात केलं. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन गव्हाच्या बोटी एकदम सोडत नव्हते, थोड्या थोड्या सोडायचे, म्हणजे दिल्ली हातात राहील. बोट बंदरात लागली की देश जेवणार, असे दिवस.

त्याच १९६६ मध्ये सुब्रमण्यम यांनी मोठी बाजी लावली. मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं मागवलं. नॉर्मन बोरलॉग यांनी तयार केलेल्या बुटक्या जाती, लेर्मा रोहो आणि सोनोरा. बुटक्याच का? आपला जुना गहू उंच. त्याला खत जास्त दिलं की ओंबी जड होऊन ताट लोळायचं, पीक आडवं व्हायचं. बुटका गहू खत पचवून उभा राहायचा. एम. एस. स्वामिनाथन आणि दिल्लीच्या पुसा संस्थेतले शास्त्रज्ञ यासाठी आग्रही होते. सुब्रमण्यम यांनी तर दिल्लीतल्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवून हा गहू पेरला.

पण एक लक्षात घ्या. बुटका गहू म्हणजे महाग गहू. बियाणं, खत, पाणी, सगळं विकतचं. हा जुगार पंजाबच्या शेतकऱ्याने का खेळला? कारण भाक्रा धरणाचं पाणी होतं, गावोगाव बाजार समित्या होत्या, आणि त्या बाजारात सरकार खरेदीला उभं होतं. १९६६-६७ च्या गव्हाला क्विंटलला ५४ रुपये किमान आधारभाव ठरला होता. माल नेला की विकला जाणार, हे नक्की होतं.

१९६४-६५ मध्ये देशात १.२ कोटी टन गहू झाला होता. १९६७-६८ मध्ये १.६५ कोटी टन. १९६८ च्या हंगामात तर गहू ठेवायला जागा पुरेना, शाळांच्या खोल्यांतही पोती रचली. सरकारने त्या वर्षी गहू क्रांतीचं टपाल तिकीट काढलं. १९७१-७२ पर्यंत उत्पादन २.६ कोटी टनांवर गेलं, आणि पीएल-४८० च्या बोटी थांबल्या.

सुब्रमण्यम स्वतः मात्र १९६७ ची निवडणूक हरले होते. त्यांनी पेरलेला गहू निघाला तेव्हा ते मंत्री नव्हते.

आणि आपली ज्वारी?

इथपर्यंत गोष्ट छान आहे. शाळेच्या पुस्तकात ती इथेच संपते. पण मी लातूरची. मला पुढचं विचारावंच लागतं. आमच्याकडे काय झालं?

महाराष्ट्राने प्रयत्न केले नाहीत असं नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारीचा ध्यास घेतला होता. सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ मध्येच आली होती. ज्वारीला, बाजरीला, पुढे तुरीला, सोयाबीनला हमीभावही जाहीर होत गेले. आज २२ पिकांना हमीभाव जाहीर होतो.

पण स्टुलाचे पाय मोजा. ज्वारीला पहिला पाय आहे, भाव. दुसरा पाय? एफसीआयची खरेदी मुख्यतः गहू आणि तांदळाची. तिसरा पाय? रेशनवर गहू आणि तांदूळ. ज्वारी रेशनवर फारशी आलीच नाही. उलट झालं असं, की स्वस्त गहू-तांदूळ ज्वारीच्या गावात आले आणि भाकरीच्या जागी पोळी आली. माझ्या आजीच्या घरात पोळी सणाला व्हायची. आमच्या घरात आता भाकरी सणासारखी होते. ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं, त्याच्या मागे हेही एक कारण आहे.

थोडक्यात, गव्हाची वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर दोन्ही मिळालं. आपल्या पिकांना वॉरंटी कार्ड मिळालं, पण सर्व्हिस सेंटर दोन जिल्हे सोडून, तेही कधी उघडं, कधी बंद. २०१५ मध्ये शांता कुमार समितीने एफसीआयचा अभ्यास करून सांगितलं, की देशातल्या जेमतेम ६ टक्के शेतकरी कुटुंबांना सरकारी खरेदीचा थेट फायदा मिळतो. शंभरातले सहा! उरलेल्या ९४ मध्ये आमचे अण्णा.

उसाचं उदाहरण याच्या अगदी उलट. उसाचा किमान भाव कारखान्याला कायद्याने द्यावाच लागतो, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली, आणि १४ दिवसांत. थकबाकीची भांडणं होतात, पण गिऱ्हाईक ठरलेलं आहे आणि कायदा त्याच्या मानगुटीवर आहे. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात लोक ऊस का लावतात, म्हणून शहरातली मंडळी नाकं मुरडतात. आमच्या गावात ज्याच्या विहिरीला थोडं पाणी आहे, तो ऊसच लावतो. त्याला कमी पाण्याची तूर कळत नाही असं थोडंच आहे? पण ऊस उचलायला टोळी शेतात येते. तूर घेऊन रांगेत जावं लागतं.

मग सरकारनेच सगळं घ्यावं का?

इथे मी स्वतःशीच भांडले. मनात आलं, सोपं आहे, सगळं सरकारने विकत घ्यावं. पण हा प्रयोग आपल्याच राज्यात होऊन गेलाय.

१९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातला कापूस फक्त सरकारी यंत्रणाच घेणार, खाजगी व्यापाऱ्याला मनाई. ठरलेला भाव मिळणार, आणि कापूस विकून नफा झाला तर बोनसही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पहिल्यांदा वाटलं, आता व्यापाऱ्याच्या हाताखालून सुटलो. सुरुवातीला बरंही चाललं.

मग दुखणी सुरू झाली. प्रतवारीवरून वाद, पैसे हप्त्याहप्त्याने, चुकारे लांबलेले. बाहेर भाव जास्त असला की कापूस रातोरात शेजारच्या राज्यात जायचा. बाहेर भाव पडला की शेजारचा कापूस आपल्या केंद्रावर यायचा. म्हणजे नफ्याच्या वर्षी माल नाही आणि तोट्याच्या वर्षी मालच माल. शिवाय निवडणुकीच्या तोंडावर भाव वाढवायचा मोह कुठल्या सरकारला आवरतो? तोटा हजारो कोटींवर गेला आणि २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला.

पंजाबचं यशही फुकट मिळालं नाही. खात्रीचं गिऱ्हाईक गहू आणि भाताला, म्हणून शेतं गहू आणि भाताचीच झाली. फुकट विजेवर बोअरने पाणी उपसून भात. भूजल इतकं खाली गेलं की २००९ मध्ये पंजाबला कायदा करावा लागला, ठराविक तारखेआधी भाताची लावणी करायची नाही म्हणून. ज्या पिकाच्या मागे गिऱ्हाईक उभं करता, ते पीक मातीला आणि पाण्यालाही परवडायला हवं, हा धडा फार महाग पडला.

आपल्याकडे शरद जोशी हे वेगळ्या बाजूने मांडत होते. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आलेला हा माणूस. १९८० च्या आसपास कांद्याच्या आंदोलनातून त्यांची शेतकरी संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं, सरकारने उपकार करू नयेत. भाव चढले की निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, आयात, हे जे करता ते थांबवा. त्यांचं सगळं पटो न पटो, २०१७ च्या तुरीला ते तंतोतंत लागू होतं. डाळ महाग होती तेव्हा साठ्यावर मर्यादा आली, आयात खुली झाली. मग शेतकऱ्याची तूर आली, तेव्हा साठवायला व्यापारी धजावत नव्हता आणि परदेशी डाळ बंदरात होती. तुरीच्या आयातीवर शुल्क लागलं मार्च २०१७ मध्ये आणि आयातीवर मर्यादा आली ऑगस्टमध्ये. आमची तूर तोवर विकून झाली होती.

म्हणजे हमीभाव पडला तो एका खात्याच्या आळसामुळे नाही. एका हाताने भाव देणारं आणि दुसऱ्या हाताने भाव पाडणारं सरकार एकच होतं. शहरातल्या आईला वरण परवडायला हवं, हेही खरं. गावातल्या आईला हॉस्टेलचं डिपॉझिट भरता यायला हवं, हेही खरं. १९६५ मध्ये शास्त्री आणि सुब्रमण्यम यांच्यापुढे हाच पेच होता. त्यांनी गव्हापुरता तो सोडवला, कारण भाव, खरेदी आणि रेशन या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. आपण नंतर फक्त भाव जाहीर करायचं सोपं काम तेवढं चालू ठेवलं.

भावाला काय सांगितलं

तर मंडळी, फोनकडे परत येऊ. २०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव ८,००० रुपये ठरला होता. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने म्हटलंय, की नोंदणी करून करार करणाऱ्या शेतकऱ्यांची तूर, उडीद आणि मसूर पुढची चार वर्षं, जेवढी आणतील तेवढी केंद्रीय संस्था घेतील. वाचून मला आनंद झाला. साठ वर्षांनी कुणीतरी तुरीला दुसरा पाय लावायचं म्हणतंय.

आणि मग दुसरी बातमी वाचली. तुरीची विनाशुल्क आयात मार्च २०२६ पर्यंत वाढवलेली. आमची तूर निघते डिसेंबर-जानेवारीत. आता तुम्हीच जोडा.

दोन दिवसांनी मी भावाला फोन केला. म्हटलं, "हे बघ, भावाचा आकडा सोड. तीन गोष्टी विचारून ये. नोंदणी कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत? आपल्या जवळचं केंद्र कोणतं? आणि गेल्या हंगामात तिथे माल दिला त्यांना पैसे किती दिवसांत मिळाले?"

तो म्हणाला, "म्हणजे तूर लाव म्हणतीस का नको?"

"दोन एकरात लाव, सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून. नोंदणी पहिल्याच दिवशी कर. आणि नवी ताडपत्री घे, तिचे पैसे मी पाठवते."

मागून अण्णांचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता हे मला माहीत नव्हतं. "तिला म्हणावं, बारदान्याचंही विचारायला सांग."

आठ वर्षांत त्या रांगेबद्दल ते बोललेलं हे पहिलं वाक्य. मी काहीच बोलले नाही. भावाने फोन ठेवला.

तुमच्या घरी शेती असेल तर हे तीन प्रश्न यंदा तुम्हीही विचारा, आणि अण्णांचा चौथा विसरू नका. शेती नसेल, तर पुढच्या वेळी 'हमीभावात ऐतिहासिक वाढ' अशी बातमी स्क्रोल करताना अंगठा क्षणभर थांबवा आणि खाली शोधा, घेणार कोण आहे. आणि तुमच्या आजीला मिलोची भाकरी आठवत असेल, तर तिचा आवाज रेकॉर्ड करून मला नक्की पाठवा. एक भाग फक्त त्या आवाजांचा करायचा विचार आहे.

पुढच्या भागात भेटूच. तोवर पाऊस वेळेवर येवो.